कोऱ्या फॉर्मवरची सही

दुपारचे तीन वाजून गेले होते. शेवंती परब चाळीच्या गॅलरीत पाट टाकून कडवे वाल सोलत बसली होती आणि दोन अनोळखी बायका दम खात जिना चढत होत्या. पुढची सत्तरीच्या अलीकडची, गोरी, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली. ती पद्मजा त्रिलोकेकर. राहणारी गिरगावची. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली आणि आता कोर्टात दुभाषाचं काम करणारी. मागची उंच, धिप्पाड, चाळिशीची, परदेशातली काळी बाई. तिच्या हातात मोठी कापडी पिशवी आणि पाठीमागे चाळीतली निम्मी पोरंटोरं.

"शेवंती परब इथंच राहतात का?"

"मीच ती. इलेक्शनवाल्या असाल तर यादीत नाव आहे हो माझं."

पद्मजाबाई हसल्या. "नाही, नाही. या तेंबोबाई. आफ्रिकेत लुवांबा म्हणून देश आहे, तिथून आल्यात. खास तुम्हाला भेटायला."

"माका?" शेवंतीच्या तोंडून घरची मालवणी बाहेर पडली. "अगो बाय! मी तर कणकवलीच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही कधी."

सुनेने, दर्शनाने, पाणी दिलं. तेंबोबाईंनी ते घटाघटा प्यायलं, मग पिशवीतून पांढऱ्या जाळीची एक घडी काढून खाटेवर ठेवली. मच्छरदाणी होती. शेवंतीने पदराला हात पुसले आणि सवयीने घडीचं एक टोक चिमटीत धरलं. अंगठ्याने जरा ताणलं. उठून खिडकीच्या उजेडाला लावलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही कुणी पास केली? यातून डास काय, डासाचं अख्खं खटलं आत येईल."

पद्मजाबाईंनी हे वाक्य इंग्रजीत सांगितलं नाही. त्यांनी पर्समधून एका कागदाची प्रत काढून शेवंतीच्या पुढ्यात धरली.

"तुम्ही केली," त्या म्हणाल्या.

कागद शेवंतीच्या ओळखीचा होता. ती जिथे माल तपासायला जायची, त्या कॉटन ग्रीनच्या गोदामातला तपासणीचा फॉर्म. माल मच्छरदाण्या, नग तीन लाख, जाळी नियमाप्रमाणे, चौरस इंचाला एकशे छप्पन्न भोकं. वर तारीख अकरा सप्टेंबर. खाली सही, शे. वि. परब. 'प'ची शेपटी लांब ओढलेली. ती तशी शेवंतीच ओढायची.

तेंबोबाई हळू आवाजात बोलत होत्या आणि पद्मजाबाई मराठीत सांगत होत्या. तेंबोबाई लुवांबाच्या सरकारी तपासनीस खात्यात होत्या. एका जिल्ह्याच्या इस्पितळात त्या गेल्या, तेव्हा मुलांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेवर नवी मच्छरदाणी होती आणि प्रत्येक मच्छरदाणीच्या आत डास होते. मुलं तापाने फणफणलेली. त्यांनी चौकशी सुरू केली. आरोग्यमंत्र्याच्या मेहुण्याला हे कंत्राट मिळालं होतं, माल मुंबईहून आला होता. त्यांनी अहवाल लिहिला. आधी त्यांची बदली झाली, मग नोकरी गेली. तरी त्यांनी दोन डॉक्टर आणि एक म्हातारा पाद्री यांना हाताशी धरून मंत्र्यावर खटला उभा केलाच. आता मंत्र्याच्या वकिलाने कोर्टात हा कागद पुढे केला होता. मुंबईत, माल निघण्याआधी, पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या तपासनिसाने जाळी मोजून पास केली आहे. मंत्र्याने यापेक्षा अधिक काय पाहायचं?

"आम्ही गोदामात विचारलं," पद्मजाबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, अशी बाई कुणी नाही. बाहेर एक हमाल भेटला, त्याने लालबागचा पत्ता दिला."

शेवंती तारखेकडे बघत होती. "अकरा सप्टेंबर चोवीस. गौरीपूजन. मी गावी होते."

पद्मजाबाई ताडकन सरळ बसल्या. त्यांनी ते भाषांतर करून सांगताच तेंबोबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "म्हणजे सही खोटी आहे! बाई, एवढंच सांगा. बाकी काही नको," पद्मजाबाई म्हणाल्या.

शेवंतीने मच्छरदाणीची घडी पुन्हा घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी नीट.

"उद्या या," ती म्हणाली.

त्या गेल्यावर वालाची टोपली तशीच राहिली.

शेवंती एकोणीस वर्षांची असताना तिचे वडील मिलमध्येच कोसळले आणि त्यांच्या जागी तिला लावून घेतलं. तिची नजर बघून तिला कापड तपासायला बसवलं. उतरत्या टेबलावरून कापडाचा ताका सरकत यायचा, कांजीचा वास नाकात बसायचा, आणि शेवंतीची बोटं डोळ्यांच्या आधी दोषावर जायची. दोष सापडला की त्या जागी ताक्याच्या काठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचा माल कमी भावाने का होईना, पण उघडपणे विकला जाई. दोष दिसूनही दोरा न बांधणं, हा मात्र गुन्हा. एका जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, तिला सांगितलं होतं, "शेवंते, दोन दोरे कमी बांध, तुझ्या भावाला कामाला लावतो." तिने त्याच्या साच्यांवरचा, म्हणजे मागांवरचा, सगळा माल पुन्हा टेबलावर घेतला आणि सुटलेले सात दोष शोधून सात दोरे बांधले. भाऊ दोन वर्षं बेकार राहिला. आई तिच्याशी महिनाभर बोलली नाही. पण त्या दिवसापासून खात्यात कुणी तिच्याशी तसलं बोललं नाही.

मग संप झाला, मिल मिटली. ज्या भोंग्यावर अख्ख्या लालबागचं दूध तापायचं तो गप्प झाला. आज तिथे काचेचा टॉवर आहे आणि त्याची सावली दुपारी चाळीवर येते. शेवंतीने पापड लाटले, शिवलेल्या कपड्यांना बटणं लावली. एक दिवस रामजीशेठ स्वतः तीन जिने चढून आले. कॉटन ग्रीनला त्यांचं कापडाचं गोदाम होतं, परदेशी माल पाठवत. म्हणाले, "परबबाई, मला अशी बाई पाहिजे जी मलासुद्धा नाही म्हणेल." त्यांना ती कितीदा तरी नाही म्हणाली. ते हसून माल परत पाठवायचे.

ते गेले आणि मुलगा हितेंद्र गादीवर बसला. शेवंतीचं वय झालं, ती आठवड्यातून दोनच दिवस जाऊ लागली. आणि गणपतीला ती गावी जायची. नोकरी सुटली तरी चालेल, पण गणपतीला गाव सुटणार नाही, हे लालबागमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडीचं रिझर्वेशन चार-चार महिने आधी, घरी दीरजावा, भजनं, फुगड्या. पंधरा दिवस तिथून कुणी हलत नाही. पण तिच्या सहीवाचून बंदरावर माल अडायचा. चार वर्षांपूर्वी गोदामातली कारकून मुलगी, मनवा, कोरे फॉर्म घेऊन आली. "बाई, शेठनी सांगितलंय, नुसत्या सह्या करून ठेवा. माल आपलाच, नेहमीचाच. मी भरते तुमच्या मागे." शेवंती नाही म्हणाली. मनवा रडकुंडीला आली, "बाई, माझी नोकरी जाईल हो." बाहेर टॅक्सी उभी, आत बोचकी बांधलेली, डोक्यात गौरीपुढे वाण म्हणून ठेवायची ओवशाची सुपं. शेवंतीने सह्या केल्या. पुढच्या वर्षी तिने विचारलंसुद्धा नाही. मनवाने गठ्ठा ठेवला, हिने सह्या केल्या.

जन्मभर ज्या बाईने न मोजता इंचभर कापड सोडलं नाही, तिने न पाहिलेला माल पास केला होता. गणपतीच्या घाईत.

संध्याकाळी मुलगा, स्वप्नील, घरी आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "मग अडलंय कुठे? सांग, सही माझी नाही. तू सुटलीस, तो मंत्री अडकला, त्या बाईचं काम झालं. सगळे खूश."

"सही माझी आहे."

"ते कोणाला माहितीय?"

"मला."

"आई, तू पण ना! तुझंच नाव खराब होईल. पेपरात येईल, परबबाईने कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या."

"खराब झालंय," शेवंती म्हणाली. "अकरा सप्टेंबरलाच झालं. मला उशिरा कळलं, एवढंच."

सकाळी नऊ वाजताच हितेंद्रशेठ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. बाप चढायचा तेच तीन जिने चढून घामाघूम झाला होता.

"बाई, काल त्या आफ्रिकन मॅडम आल्या होत्या म्हणे. घाबरू नका. मी सगळं बघून घेतो."

"मी कुठे घाबरलेय? बस. दर्शना, पाणी दे गो शेठना."

हितेंद्र खाटेच्या कडेला टेकला आणि पुढे वाकून हळूच बोलू लागला. "तुम्ही सांगायचं, सही माझी नाही. बास. तुमची सही मनवाने मारली. तिला मी तसंही काढणारच आहे. पोरगी गरीब घरची आहे, कोण तिच्यामागे कोर्टात जाणार? तुम्ही क्लीन, पेढी क्लीन."

"आणि मनवा?"

"मिळेल तिला दुसरं काहीतरी."

शेवंतीने त्याच्याकडे नीट बघितलं. रात्रभर तिच्या मनात होतं की खोटं बोललं तर आपणच वाचू, आपल्याच जिवावर ते ओझं राहील. ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची सोय आधीच झालेली होती, हे आता समोर आलं.

"हितू," ती म्हणाली. लहानपणी तो गोदामात गोण्यांवर खेळायचा तेव्हा ती त्याला असंच हाक मारायची. "तुझ्या वडलांनी मला कशासाठी ठेवलं होतं, ठाऊक आहे?"

"माल तपासायला."

"नाही म्हणायला. ते पेढे घेऊन जा."

"बाई, विचार करा. तुमची पण चूक आहे यात."

"आहेच. ती मी सांगणार आहे. तुझी तू सांग."

तो गेल्यावर दर्शना म्हणाली, "आई, पेढे तरी ठेवून घ्यायचे होते."

"मेल्याचे पेढे खाऊन घशात अडकले असते."

दुपारी दोघी आल्या तेव्हा शेवंतीने सगळं सांगितलं. सही माझी. फॉर्म कोरा होता. माल मी पाहिला नाही. पद्मजाबाई सांगत गेल्या तसा तेंबोबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी फॉर्मची प्रत पुन्हा एकदा बघितली. मग काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, तुम्ही हे कोर्टात बोलाल? वकील तुमची सालटी काढतील."

"काढू देत. त्यांना म्हणावं, त्यांची नोकरी गेली, माझी तर दोन दिवसांची आहे. ताक्यात दोष असला तर मी लाल दोरा बांधायची. आता दोष माझ्यात आहे. तिथेच दोरा नाही बांधला, तर बाकीचा ताका कोण खरा मानेल?"

पद्मजाबाईंना हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. तेंबोबाईंनी उठून शेवंतीचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. त्याचं भाषांतर कुणी विचारलं नाही.

साक्ष तीन आठवड्यांनी झाली. फोर्टमधल्या एका ऑफिसात, भिंतीवरच्या पडद्यासमोर. परवानग्या रीतसर घेतलेल्या होत्या, एक सरकारी अधिकारी कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. पडद्यावर लुवांबाचं कोर्ट दिसत होतं. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घातलेले न्यायाधीश, मागच्या बाकावर तेंबोबाई, आणि पुढे निळ्या सुटातला मंत्री. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. शेवंती नऊवारी नेसून गेली होती. पद्मजाबाई तिच्या शेजारी बसल्या.

अकरा सप्टेंबरला आपण गावी होतो, हे शेवंतीने सांगितलं. पुरावा म्हणून पुतण्याने त्या दिवशी काढलेला व्हिडिओ लावला. गौरीपुढे फुगडी चालली होती. मधोमध एकाहत्तर वर्षांची शेवंती जावेचे हात धरून गरगर फिरत होती आणि कुणीतरी ओरडत होतं, "सोडू नको गो, सोडू नको!" न्यायाधीशांनी चष्मा पुढे ओढला. कोर्टात मागे कुणीतरी हसलं.

मंत्र्याचा वकील उठला. बारीक, हसतमुख माणूस.

"बाई, म्हणजे तुम्ही न वाचता सही करता?"

"केली. चार वर्षं गणपतीच्या आधी केली. चूक केली."

"म्हणजे तुमच्या शब्दाला किंमत नाही."

"त्या सहीला नाही. तेच सांगायला आलेय."

"पैसे घेतले?"

"घेतले असते तर इथं कशाला आले असते?"

"तुमचं वय एकाहत्तर—"

"आता बाहत्तर."

"बाहत्तर. डोळ्यांना दिसतं? ही मच्छरदाणी खराब आहे, हे तरी तुम्ही कशावरून सांगता?"

शेवंतीने पद्मजाबाईंकडे हात केला. सीलबंद पाकिटातून आलेला जाळीचा तुकडा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तिने कापडावर ठेवून बघायचं चौकोनी भिंग काढलं, इंचाची चौकट जाळीवर बसवली आणि मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. मराठीतच. पद्मजाबाई आकडे सांगत होत्या. वकील म्हणाला, एवढं पुरे. न्यायाधीश म्हणाले, नाही, मोजू दे. मंत्र्याने मोबाइल खाली ठेवला. तेवढ्या दूरच्या त्या कोर्टात, जिथे शेवंतीला एकही माणूस ओळखत नव्हता, तिथे फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. एका बाजूची ओळ संपली, मग दुसऱ्या बाजूची. तिने दोन्ही आकड्यांचा गुणाकार कागदावर मांडला.

"नव्वद. एकशे छप्पन्नच्या जागी नव्वद. ही मी कधीच सोडली नसती. ज्यांनी माझी सही बघून सोडली, त्यांनी जाळी हातात घेतली नाही. बोट लावलं असतं तरी कळलं असतं. त्या मंत्रीसाहेबांना द्या एक, आज रात्री तिच्यात झोपू देत."

पद्मजाबाई क्षणभर थांबल्या, पण त्यांनी तेही वाक्य जसंच्या तसं सांगितलं. या वेळी हसणारे बरेच होते.

वकिलाचं हसू मात्र गेलं होतं. त्याने शेवटचा दगड टाकला. "असे किती कोरे फॉर्म सही करून दिलेत तुम्ही? या एकाच मालाबद्दल तुम्हाला एवढी कळकळ का?"

शेवंतीने मनाशी हिशोब केला. दर वर्षी वीस. चार वर्षं.

"ऐंशी," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा अडखळला. "साहेब, बरं विचारलंत. एक इथं आहे. एकोणऐंशी कुठे गेले, मला ठाऊक नाही. पण मी ते शोधणार. तुमच्यासाठी नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांच्यासाठी."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. कागद पुरावा म्हणून बाद झाला आणि मंत्र्याच्या बाजूने पुढची तारीख मागितली. तेंबोबाई पडद्याजवळ येऊन हात हलवत राहिल्या, पडदा काळा होईपर्यंत.

सोमवारी सकाळी शेवंती काळाचौकीवरून चालत कॉटन ग्रीनला गेली. नेहमीसारखीच, नेहमीच्या वेळी. गोदामाच्या दारात हितेंद्रशेठ उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत कधीच पोचली होती.

"बाई, तुम्ही आता कामावर नाही."

"नाही ना? म्हणूनच तर वेळ आहे." तिने दाराशेजारच्या गोणीवर बसकण मारली. "माझ्या सहीचे ऐंशी फॉर्म आहेत तुझ्याकडे. एकाची प्रत मी बघितली. बाकीच्यांच्या प्रती दे. कुठला माल, कुठल्या देशात, कुणाला. प्रत्येकाला मी पत्र टाकणार आहे, की सही माझी आहे आणि तपासणी झालेली नाही."

"पेढी बुडेल! पप्पांची पेढी आहे ही!"

"तुझ्या पप्पांनीच मला इथं बसवलंय. आज फक्त दाराबाहेर बसलेय."

"पोलिसांना बोलावू?"

"बोलव की. मलाही त्यांच्याकडे जायचंच होतं. टॅक्सीचे पैसे वाचतील."

हमाल गोणी खाली ठेवून थांबले. कुणीतरी शेवंतीला चहा आणून दिला. हितेंद्र आत गेला, फोनवर बोलला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा आत गेला. ऊन दारापर्यंत आलं. शेवंतीने पदर डोक्यावर घेतला आणि ती तशीच बसून राहिली.

मग वरच्या पोटमाळ्याची खिडकी उघडली. मनवा होती. तिच्या दोन्ही हातांत फायलींचे गठ्ठे होते, आणि खालून शेठ "मनवा, खिडकी लाव!" म्हणून ओरडत होता. तिने लावली नाही.

"बाई," ती वाकून म्हणाली, "चोवीस सालातल्या आणू की पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," शेवंती म्हणाली. "आणि सावकाश उतर गो. शिडी हलते ती."